एक तांदूळ डावीकडं

आमच्या ऑफिसात किस्से कुणी गोळा करत नाही. चूक सापडते, दुरुस्त होते, गिऱ्हाईक जिना उतरून जातं आणि मागं किस्सा राहतो. अकरा वर्षांत एवढे साठलेत की "तू नेमकं करतेस काय?" असं कुणी विचारलं, तर काम समजावण्यापेक्षा किस्सा सांगणं सोपं पडतं.

तरी काम सांगते. जालन्यात मोंढ्याच्या रस्त्याला, भांड्यांच्या दुकानाच्या वर आमचं तीन माणसांचं ऑफिस. मालक जोगदंड सर, पूर्वी टायपिंगचा क्लास चालवायचे. शकीलभाई प्रिंटर आणि गिऱ्हाईक सांभाळतात. मी प्रोग्राम लिहिते. शाळा, संस्था, ट्रान्सपोर्टवाले यांची माहिती डेटाबेसमध्ये असते, ती कागदावर छापून द्यायची, कधी आमच्या प्रिंटरवर, कधी त्यांच्या. नावाचा बॉक्स डावीकडून किती, तारखेचा वरून किती, हे मी कोडमध्ये आकड्यांनी सांगते. मग प्रोग्राम एकेका माणसाची माहिती त्या बॉक्सांत भरत जातो. ऐकायला एवढंच आहे. पण बॉक्स जरासा सरकला तर काय होतं, हे कळल्यापासून मी स्वस्थ बसलेली नाही. लग्नाची पत्रिका हातात आली तरी तिथीच्या आधी कडेचा समास बघते.

*

पहिलंच मोठं काम घनसावंगी तालुक्यातल्या एका शाळेचं. शाळा सोडल्याचे दाखले. फॉर्म छापील, आम्ही फक्त रिकाम्या ओळींवर मजकूर बसवायचा. मी पट्टी घेऊन एकेक ओळ मोजली, आमच्या प्रिंटरवर दहा वेळा काढून बघितलं. सगळं बराबर.

शाळेचा प्रिंटर मात्र कागद जरा जास्त आत ओढायचा. त्यामुळं अख्खा मजकूर एक ओळ खाली गेला. वर्तणुकीच्या ओळीतला शब्द तिच्या खालच्या ओळीत, म्हणजे शाळा सोडण्याच्या कारणात जाऊन बसला. तिथल्या क्लार्कनं न वाचता शिक्के मारले.

मुख्याध्यापकांचा फोन आला. रागावले न्हाईत. अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, अठ्ठावीस लेकरं शाळा सोडून राह्यलीत. कारण काय, तर कागद म्हणतो, 'चांगली'. शाळा चांगली म्हणून सोडली, का सोडली हेच चांगलं केलं, तेवढं सांगा. पालक इचारतेत."

त्या दिवसापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या प्रिंटरचा वर-खालीचा फरक वेगळा नोंदवून ठेवते.

*

आता हा फरक गिऱ्हाइकाकडून फोनवर काढायचा म्हणजे शकीलभाईंची परीक्षा. प्रोग्रामला सेंटिमीटरसुद्धा मोठा पडतो, त्याचे पाचशे सदुसष्ट भाग करून त्यात आकडा द्यावा लागतो. आणि गिऱ्हाईक म्हणतं, "थोडं सरकवा."

शहागडला हायवेवर एक ट्रान्सपोर्टवाले आहेत. ट्रकच्या मालाच्या पावत्या ते आमच्या प्रोग्रामवर तिथंच छापतात. तिथले क्लार्क काळे. शकीलभाईंनी त्यांना तीनदा विचारलं, थोडं म्हणजे किती. काळे वैतागले. बाहेर ट्रक उभे, ड्रायव्हर हॉर्न वाजवून राह्यलेत. शेवटी म्हणाले, "गाडी नंबर एक तांदूळ डावीकडं घ्या. अन् तारीख दोन ज्वारी खाली."

शकीलभाई उठले, समोरच्या किराणा दुकानातून मूठभर तांदूळ आणि ज्वारी आणली, माझ्या टेबलावर पट्टीशेजारी मांडली. तांदूळ सहा मिलिमीटर, ज्वारी चार. मी तसा आकडा घातला. पावती पहिल्या झटक्यात बराबर आली.

मंग शकीलभाईंनी वहीत धान्याचा तक्ताच केला. तीळ, मूग, हरभरा, सगळं. गिऱ्हाइकांनाही ते माप पटकन कळायचं. जोगदंड सरांच्या हे फार मनाला लागलं. टायपिंगच्या क्लासात त्यांनी आयुष्यभर मुलांना समास मोजायला शिकवलं होतं. दोन दिवस ते केबिनमध्ये येरझारा घालत होते. तिसऱ्या दिवशी वही मागवली, चष्मा लावून तक्ता वाचला आणि शकीलभाईंना विचारलं, "हे तांदळाचं ठीक आहे. पण दाणा उभा धरायचा का आडवा, ते लिहून ठेवलंय का?"

*

एक चूक मात्र सगळी माझी.

माती तपासून देणाऱ्या एका लॅबचे रिपोर्ट आम्ही छापायचो. प्रत्येक शेतकऱ्याचं एक पान. मी कोड लिहिला तो असा, की माहिती असेल तर बॉक्समध्ये भर. माहिती नसेल तर काय करायचं, ते लिहायला विसरले. त्यामुळं एखाद्याची एखादी तपासणी झालीच नसेल, तर तो बॉक्स रिकामा व्हायच्या ऐवजी त्यात आधीच्या शेतकऱ्याचा आकडा तसाच राहायचा. दिसायला रिपोर्ट एकदम झकास. लॅबमध्ये कुणाला काही कळलं न्हाई.

धावड्याहून एक काका आले. लॅबनं त्यांना सांगितलं होतं की कागद आम्ही छापतो. रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि चुनखडीच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे माझ्या वावरातलं न्हाई."

मी म्हटलं, काका, मशीननं तपासलेलं असतं. ते म्हणाले, "मशीन खोटं न्हाई म्हणत मी. आकडा खरा हाये. पण माझा न्हाई. माझं रान मुरमाड. एवढी चुनखडी बांधाच्या पल्याड, चुलतभावाच्या रानात."

मी कॉम्प्युटरवर आधीचं पान उघडलं. चुलतभाऊच होता. दोघं एकाच दिवशी माती घेऊन गेल्ते, पाठोपाठ नंबर. काकांच्या मातीची ती तपासणी झालेलीच नव्हती.

मी माफी मागितली, काय झालं ते सांगितलं. काका मंग कागदाची घडी घालत म्हणाले, "दरसाल थोडा थोडा बांध कोरून राह्यलाय तो. आता कागदबी कोरला."

पुढचे चार दिवस मी लॅबचे जुने सगळे रिपोर्ट काढून एकेक आकडा ताडून बघितला. सोळा पानं चुकली होती. सोळाही शेतकऱ्यांना नवी पानं पोचती केली. धावड्याला मी स्वतः गेले. काका चुलतभावाच्याच ओट्यावर बसलेले होते. दोघांनी मिळून मला चहा पाजला, आणि बांध दाखवायला नेलं.

*

वधू-वर परिचय मेळाव्याची पुस्तिका होती. एका पानावर आठ जण, प्रत्येकाचा फोटो आणि खाली बॉक्स. शेवटचा बॉक्स 'अपेक्षा', दोन ओळींचा. मजकूर वाढला तर बॉक्सही वाढतो अशी सोय असते, पण तसं केलं की खालच्या माणसाच्या फोटोवर चढतो. म्हणून मी ती सोय बंद ठेवली होती. तिसरी ओळ झाली तर ती छापली जायची न्हाई. मेळाव्याच्या लोकांना तसं सांगितलंही होतं.

मेळावा झाल्यावर आठवड्यानं एक मुलगी ऑफिसात आली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, नाव वैशाली. तिनं पुस्तिका माझ्यासमोर उघडून ठेवली. तिच्या अपेक्षांच्या दोन ओळी होत्या. दुसरी ओळ संपत होती, 'लग्नानंतर नोकरी सोडणार'.

"माझा 'न्हाई' कुठं गेला?" तिनं विचारलं.

तो तिसऱ्या ओळीत गेल्ता. म्हणजे कुठंच न्हाई.

आठवड्यात तिला अकरा स्थळं आल्ती. सगळी मोठ्या घरची. घरातले सगळे खूश, आई म्हणायला लागली की आता लिहिलंच आहेस तर राहू दे. वैशाली हे सांगताना एकदाही आवाज चढवून बोलली न्हाई, पण पुस्तिकेचं पान दुमडत होती आणि उलगडत होती. दहा वर्षं घासून ही नोकरी केली होती तिनं. माझ्या एका बॉक्सच्या उंचीनं ती सोडून दिली होती.

जोगदंड सर बाहेर आले. सगळं ऐकलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले की दुरुस्तीची चिठ्ठी छापायची, आणि पुस्तिका जिथं जिथं गेली तिथं तिथं पोचवायची. मेळाव्याकडून यादी घेतली. अकरा घरी तर शकीलभाई स्वतः मोटरसायकलवर गेले. एका घरी त्यांना तुम्ही मुलीचे कोण म्हणून विचारलं. शकीलभाई म्हणाले, मी तिचा 'न्हाई' घेऊन आलोय.

महिन्यानं वैशाली पेढे घेऊन आली. लग्न ठरलं का, मी विचारलं. "अजून न्हाई," ती म्हणाली. "अकरातले दोन राह्यले. पण ते बराबर वाचून राह्यलेत." पेढे शाळेत तिची मुख्याध्यापक म्हणून बढती झाली त्याचे होते.

*

आणि हा अण्णांचा.

नवीन रिपोर्ट केला की त्यात एक खोटा माणूस घालून बघावं लागतं, नाव बसतं का ते. मी नेहमी माझ्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, घालते. पुरुषोत्तम ज्ञानेश्वर हिवराळे, मुक्काम पोस्ट तीर्थपुरी. लांब नाव, वर रफार, खाली उकार, जोडाक्षरं, सगळं आहे. हे बसलं की कुणाचंही बसतं.

शहागडकडच्या एका पाणीवाटप संस्थेच्या वार्षिक सभेची पत्रं होती. छापली, पाकिटं गेली. अण्णांचं नाव काढायचं राहून गेलं.

आई गेल्यापासून दोन वर्षं अण्णा गावाबाहेर पडले नव्हते. शेत भाऊ बघतो. अण्णा ओट्यावर बसायचे, कुणी बोललं तर बोलायचे. आणि एका दुपारी भावाचा फोन आला. "अण्णा शहागडला गेल्ते. इस्त्रीचं धोतर नेसून. सभेला बोलावलं म्हणे."

मी खुर्चीतून उठले ती उभीच राह्यले. अण्णांचं एक चिपाडसुद्धा त्या कालव्यावर भिजत न्हाई. संस्थेच्या सचिवांना फोन लावला आणि सगळं कबूल केलं. वाटलं होतं, आता काम जाणार.

सचिव म्हणाले, "ते आमचे सभासद न्हाईत, हे सही घेतानाच कळलं. पण पत्र हातात घेऊन आल्ते, मंग पुढं बसवलं. कालव्याच्या चाऱ्या, पोटपाट साफ करायच्या विषयावर चांगलं वीस मिनिटं बोलले. आमच्यात कुणाला एवढं ठाऊक न्हाई." मंग म्हणाले, "पुढच्या महिन्यात कमिटीची बैठक हाये. तिचं पत्र छापाल तेव्हा त्यांचंबी छापा."

रविवारी तीर्थपुरीला गेले. अण्णांनी पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं होतं. माझ्यापुढं धरलं.

"नाव बघ," म्हणाले. "मतदार यादीत, पासबुकात, सगळीकडं 'पुरुषोत्तम ज्ञा' वर सोडून देतेत. ह्या लोकांनी पुरं लिवलं. वळखत असतील मला." मंग पत्र डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "एवढा शेवटचा 'ळे' जरा दाटीत बसलाय."

सोमवारी ऑफिसात आल्या आल्या मी तो रिपोर्ट उघडला आणि नावाचा बॉक्स रुंद केला.