फेलिसाची पहिली मूठ

फेलिसाने खाचरात पाय टाकल्याशिवाय आमच्या डोंगरावर भाताचं एक रोप लागत नाही. हे मी वाढवून सांगत नाही. लावणी कधी सुरू करायची, हे आमच्याकडे एकाच घरातली बाई ठरवते. तिच्या खाचरात पहिली मूठ लागली की दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनी आपापल्या चिखलात उतरायचं, त्याआधी कुणी नाही. फेलिसाच्या आजीने हे केलं, मग आईने, आणि आई गेल्यावर फेलिसाने. माझं खाचर तिच्या खाचराच्या लगेच खाली. तिच्या बांधावरून सुटलेलं पाणी माझ्याकडे येतं, त्यामुळे तिच्याशी भांडायचा पहिला हक्क माझा, आणि तो मी पुरेपूर वापरलेला आहे.

दिसायला तिच्यात काही विशेष नाही. बुटकी, पसरट पायांची, सुपारी खाऊन दात लाल झालेले. डुकरांशी जितकं बोलते तितकं माणसांशी बोलत नाही. पण लावणीच्या दिवसांत ती पोटरीभर पाण्यात उभी राहायची आणि डोळे मिटायची. "पाणी अजून बोचतंय," म्हणाली की आम्ही मुकाट्याने घरी. मग एखाद्या सकाळी डोळे उघडून नुसतं "चला" म्हणायची. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मी हे बघत आले. एवढ्याशा बाईच्या पोटऱ्यांवर अख्ख्या डोंगराने भरवसा ठेवायचा म्हणजे काय!

मग ती दोन वाईट वर्षं आली. पहिल्या वर्षी भात पिकून पिवळं झालं होतं, कापणी तोंडावर होती, आणि वादळ आलं. कधी नव्हे इतकं लवकर आलं आणि सगळं चिखलात झोपवून गेलं. दुसऱ्या वर्षी फुलोऱ्यातच वरचा ओढा आटला. लोंब्या शेवटपर्यंत ताठ उभ्या राहिल्या. भरलेली लोंबी वाकते, ताठ राहिली की समजायचं, आत दाणा नाही.

फेलिसाला कुणी एका शब्दाने बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. त्याऐवजी सगळेच गप्प झाले. पुरुष बनावे गावाच्या रस्त्यावर पर्यटकांसाठी लाकडाचे देव कोरायला गेले, कुणी तीनचाकी चालवायला लागले. वरच्या अंगाचे बांध ढासळले. कुणी दगड लावायला निघालाच, तर दुसरा म्हणायचा, "राहू दे रे, टिकणार आहे का?" माझा मुलगा लगावे शहरातून आला आणि म्हणाला, "आई, पोत्यातला तांदूळ मिळतो ना आता, मग कशाला चिखलात मरतेस?" मी हातातली पळी त्याच्या अंगावर भिरकावली.  पूर्वी आम्ही आभाळावर चिडायचो. आता स्वतःवरूनच मन उडालं होतं.

या वर्षी लावणीची खूण सांगणारे बोरूचे तुरे भलत्याच वेळी आले. लावणीच्या सुमाराला उत्तरेकडून येणारा पक्षी आलाच नाही. रोपं वाफ्यात वाढत राहिली, पार जून व्हायला आली. फेलिसा रोज पाण्यात उभी राहायची आणि काही न बोलता घरी जायची. मग एका रविवारी, प्रार्थना संपवून आम्ही चर्चच्या अंगणात बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "माझ्यासाठी थांबू नका. माझ्या पायांना आता काही कळत नाही. ज्याने त्याने आपापलं लावा."

मीठ मागावं तशा आवाजात म्हणाली.

सगळ्यांनी एकदम माना डोलावल्या. हो हो, जमाना बदलला, आता ज्याचं त्याने बघावं. सगळ्यांत मोठा आवाज कोनचिंगचा. कोनचिंग आमच्यातली सगळ्यांत म्हातारी आणि तोंडाने सगळ्यांत तरुण. "उद्या सकाळी माझी मूठ सगळ्यांच्या आधी!" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच सगळ्या खाचरात. मीही रोपांची जुडी सोडून उभी. कुणी बांधावरचं गवत उपटतंय, कुणी गोगलगायी वेचतंय, कुणी सुटलेली जुडी पुन्हा बांधतंय. सगळ्यांचे डोळे तिरके, दुसरी कधी वाकते इकडे. वरच्या अंगाला कोनचिंग रोप घेऊन वाकली. वाकली, तशीच थांबली, आणि हळूच सरळ झाली.

"कंबर धरली गं माझी!" ती ओरडली.

"परवा लग्नात नाचताना नाही धरली ती?" मी खालून विचारलं.

"मग तू लाव ना! लावणी जिभेने करतात का तुझ्या माहेरी?"

सगळ्या हसल्या. मी वाकले. खरं सांगते, माझा हात खाली गेला नाही. पाण्यापर्यंत गेला आणि थांबला. ज्या बायकांनी परकर खोचायच्या वयापासून हेच केलं, त्यांतल्या एकीलाही त्या दिवशी एक रोप लावता आलं नाही. दुपारपर्यंत कुणाला डुकरं आठवली, कुणाला चुलीवरचं, आणि डोंगर रिकामा झाला. आधी मला संताप आला. मग भीती वाटली.

कोनचिंग चिखलाच्या पायांनी तशीच फेलिसाच्या घरी गेली. मी तिच्या मागे, कारण असलं काही चुकवणाऱ्यातली मी नाही. फेलिसा डुकरांसाठी रताळ्याचा पाला चिरत बसली होती.

"बघितलंस ना?" कोनचिंगने विचारलं.

"बघितलं."

"मग?"

"मग काय? दोन वर्षं तुमच्या तोंडचा घास घालवला मी. आईचं असं कधी झालं नाही. तिचा पाय कधी चुकला नाही."

कोनचिंग इतकी हसली की तिला ठसका लागला. "तुझ्या आईचा? अगं, ते रताळ्यांचं वर्ष आठवतं का तुला? एवढीशी होतीस."

फेलिसाचा चेहरा किती दिवसांनी उजळला. "आठवतं तर! सकाळी भाजलेली, संध्याकाळी उकडलेली. आई गोष्टी सांगत भरवायची. चैन होती नुसती."

"चैन म्हणे! अगं बये, तुझ्या आईने घाई करून लावणी केली होती. भात लवकर पिकलं आणि डोंगरातले सगळे उंदीर आमच्याकडे जेवायला आले. कुणाच्या कोठारात दाणा राहिला नाही. माझी आई वर्षभर तुझ्या आईच्या नावाने बोटं मोडत होती."

फेलिसाच्या हातातली सुरी थांबली. "आई हसायची," ती म्हणाली.

"हसायची. आणि पुढच्या वर्षी सगळ्यांच्या देखत पुन्हा पहिली उतरली. तिला पायातून काय कळायचं ते मला ठाऊक नाही. पण ती उतरायची म्हणून आम्ही उतरायचो. चुकलं तर तिच्या नावाने ओरडता यायचं, एवढी सोय होती. आज बघितलंस, ती सोय गेली तर कुणाचा हात खाली जात नाही."

फेलिसा खाली बघून पाला चिरत राहिली. आम्ही उठून आलो.

दुसऱ्या सकाळी कुणी कुणाला बोलावलं नव्हतं, तरी सगळ्या आल्या. बांधाबांधावर बायका, थेट वर धुक्यात दिसेनाशा होईपर्यंत. रस्त्यावरचे दोनतीन तीनचाकीवालेही गाडी थांबवून उभे. फेलिसा आली, पाण्यात उतरली, डोळे मिटले. किती वेळ गेला कोण जाणे.  

तिने डोळे उघडले आणि वर बघून ओरडली, "मला काही कळत नाहीये!"

पहिली मूठ लावणाऱ्या बाईने असं उघड म्हटलेलं आमच्यात कुणी कधी ऐकलं नव्हतं. 

"चुकलं तर?" ती पुन्हा ओरडली.

वरून, धुक्यातून, कोनचिंगचा आवाज आला. "तर रताळी!"

कुणीतरी फिसकन हसलं, मग शेजारची, मग तिच्या खालची, आणि ते हसणं बांधावरून बांधावर उतरत फेलिसापर्यंत आलं. तीही हसली. हसताहसताच वाकली. पहिलं रोप हातातून सुटून पाण्यावर तरंगलं. तिने ते उचललं, पुन्हा खोचलं, अंगठ्याने दाबलं. ते उभं राहिलं. मला रडू आलं, आणि मी डोळे पुसलेही नाहीत.

खाचर संपवून ती बांधावर चढायला लागली. मी हात दिला. "तुझ्याकडे पाणी जरा जास्त सोडते आजपासून," ती म्हणाली. या एका वाक्यासाठी मी किती वर्षं भांडले होते! 

भात येईल की रताळी, ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी मी खाचरात उतरले, जुडी सोडली, वाकले. हात खाली गेला.