वनिता मॅडमच्या यानाचा रस्ता

कॉलेजात किस्से रद्दीसारखे साठत जातात, न्यायला मात्र कोणी येत नाही. मी शाळा पाहिली नाही, पण चामोर्शीकडच्या एका कॉलेजात, गणिताच्या विभागात शिपाई म्हणून म्हातारा झालो. हे सगळे किस्से वनिता मॅडमच्या पीएचडीचे. ती झाली नसती, तर त्यांची तासिकेवरची नोकरी कधी पक्की झाली नसती.

*

एकदा विचारलं, बाई, तुम्ही काय शोधून राह्यल्या? म्हणाल्या, यान सूर्याभोवती फिरत इथून निघालं, अमुक दिवसांनी तिथं पोचलं पाहिजे. तर रस्ता कोणता आणि निघताना वेग किती, ते काढते.

मी म्हणालो, "कुरखेड्याची एसटी कवा पोचते, तेच कोणाले सांगता येत नाई!"

मॅडम कुरखेड्याच्याच. घड्याळ पाहून पिशवी उचलली.

*

मग कळलं, कॉम्प्युटर आधी नुसता अंदाज करतो. चुकतो. किती चुकला ते पाहून पुन्हा अंदाज. मला काही पटेना. एवढं शिकून अंदाजच?

"मंग आमच्यात अन् तुमच्यात फरक काय, बाई?"

"तुम्ही चुकलेलं लिहून ठेवत नाई, भाऊ."

*

शेवटी थोडी चूक राहतेच म्हणे. किती? तर इथून नागपूर जेवढं लांब, त्यात एक केस.

मी दोन दिवस विचार केला. मग विचारलं, "केस जाडा का बारीक?"

मॅडम हसल्या नाहीत. वहीतलं काहीतरी खोडलं.

*

एक दिवस सकाळपासून उत्तर जवळच येईना. पहिला अंदाजच वाईट पडला होता. वैतागून मला म्हणाल्या, भाऊ, दहाच्या आतला एक आकडा सांगा. मी सात सांगितला. त्यांनी तोच पहिला अंदाज धरला, अन् उत्तर आलं!

तेव्हापासून पोरं परीक्षेच्या आधी मला आकडा विचारतात.

*

आणि ती तोंडी परीक्षा. परीक्षक बाहेरगावचे. त्यांनी विचारलं, निघायची जागा आणि पोचायची जागा सूर्याच्या दोन बाजूंना बरोब्बर समोरासमोर आल्या, तर तुमची पद्धत काय करते?

मॅडमनी खडू उचलला, परत ठेवला. त्यांचे गाईड, आमचे मोठे सर, खाली पाहू लागले.

तेवढ्यात मी चहा घेऊन दारात. मधोमध लांबलचक टेबल, परीक्षक थेट पलीकडे. डावीकडून जावं तेवढंच, उजवीकडून जावं तेवढंच. मला कळेना. ट्रे धरून तसाच उभा राहिलो.

मॅडमनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "सर, भाऊ उभे आहेत ना, तशी माझी पद्धत. सगळे रस्ते सारखेच, म्हणून जागीच अडकते. बाजू आपल्याला सांगावी लागते."

परीक्षकांनी पेन खाली ठेवला.

"भाऊ, उजवीकडून या," ते म्हणाले. "आणि पहिला कप डॉक्टरबाईंना द्या."