जुबैलमधलं त्रिसरण

सौदीतल्या जुबैलच्या आमच्या कॉलनीत बुद्धाची एकच मूर्ती होती आणि ती शेजारच्या अमेरिकन बाईच्या कपाटात, चादरींच्या मागे असायची. बँकॉकच्या सहलीत घेतलेली, पितळेची. इस्लामशिवाय दुसऱ्या धर्माचं काही तिथे उघड ठेवता येत नसे. सकाळी नवऱ्याची कंपनीची बस गेली की ती मूर्ती बाहेर काढायची, सुवासिक मेणबत्ती लावायची आणि जांभळ्या उशीवर डोळे मिटून बसायची. मी बौद्ध आहे हे कळलं तेव्हा तिने माझे दोन्ही हात धरले.

"जन्मापासून? किती भाग्यवान आहेस तू! मला शिकव ना."

काय शिकवणार? माझे वडील नागपुरात गिरणीत कामाला होते. विशीत असताना त्यांनी धम्म घेतला आणि घरातले देव नदीत सोडून आले. आमच्या घरी बौद्ध असणं म्हणजे ताठ मानेनं चालणं, शाळा न बुडवणं आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून त्रिसरण-पंचशील म्हणणं. श्वासाकडे बघत बसायला कुणाला वेळच नव्हता. तिला हे सांगितलं की ती मान डोलवायची आणि म्हणायची, "हो, पण ध्यान?"

ध्यान झालं की ती खरेदीला निघायची. अमेरिकन सुपरमार्केटात मीही तिच्यासोबत जात असे. थंडगार हवा, आणि एकाच साबणाच्या इतक्या जाती की उभं राहून डोकं गरगरावं. ती ध्यानासाठी नवी उशी घ्यायची, मन शांत करणाऱ्या कॅसेट घ्यायची. मी हसत असे, पण घरी येताना माझ्याही पिशव्या भरलेल्या असायच्या. सँडविच टोस्टर, परफ्यूम, मुलीसाठी सोनेरी केसांची बाहुली. तृष्णा म्हणजे काय हे वडिलांनी लहानपणी शिकवलं होतं, पण ती इतक्या छान वेष्टनात येते हे त्यांनाही ठाऊक नसावं.

मग इराकनं कुवेत घेतलं. कुवेतमधून पळून आलेल्या गाड्या, टपावर गाद्या बांधलेल्या, आमच्या रस्त्यावरून जायला लागल्या. बंदरात लष्करी जहाजं लागली. थंडी पडली तशी गोऱ्यांची कुटुंबं एकेक करून निघाली. आमचे पासपोर्ट कंपनीकडे होते. माझे मिस्टर रसायनांच्या कारखान्यात शिफ्ट इंजिनिअर. त्यांनी मला आणि मुलीला तरी घरी पाठवायचं म्हणून एक्झिट व्हिसासाठी अर्ज केला. "बुकरा," असं उत्तर मिळालं. म्हणजे उद्या. दुसऱ्या दिवशीही तेच.

अमेरिकन बाई निघाली तेव्हा तिने मला घराची किल्ली दिली. "लागेल ते घे. सगळं तुझंच समज." टॅक्सीत बसताना तिने माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "श्वासाकडे लक्ष ठेव."

माझ्या मुलीला दमा होता. सहा वर्षांची होती ती.

कंपनीनं सूचना दिली होती की एक खोली निवडा, खिडक्यांना प्लास्टिक लावा, चिकटपट्टीनं फटी बुजवा, दाराखाली ओला टॉवेल ठेवा. रासायनिक बॉम्ब पडणार असं जो तो बोलत होता. मिस्टरांना कामावर मास्क मिळाला. आम्हा दोघींना नाही. लहान मुलांच्या मापाचे तर बाजारातही नव्हते.

"माझा इथे ठेवून जातो," ते म्हणाले.

"आणि तुम्ही? तिथे टाकीच फुटली तर?"

शेवटी ते मास्क घेऊन गेले. शिफ्ट सोडता येत नव्हती, कारखाने चालूच ठेवायचे होते.

एका दुपारी मी किल्ली घेऊन शेजारच्या घरात गेले. वाटलं, एखादा मास्क विसरून गेली असेल. कपाटं उघडली. पॅकबंद टोस्टर, मिक्सर, लेबल न काढलेले कोट, बाथरूममधे लोशनच्या बाटल्यांची रांग, फ्रीझरमधे महिनाभर पुरेल इतकं मांस. उशा, नुसत्या उशाच किती! मी पलंगाखालची खोकी ओढली, फोडली, जमिनीवर उपडी केली. नाताळचे दिवे निघाले, फुगे निघाले. मास्क नव्हता. तरी मी थांबत नव्हते, रिकामं खोकंही पुन्हा पुन्हा हलवून बघत होते. शेवटी त्या ढिगाऱ्यातच बसले आणि ओरडून रडले. कपाटातला बुद्ध उघडाच दिसत होता. त्याच्याकडे बघून मला काहीच वाटलं नाही. तेव्हा मला स्वतःचीच भीती वाटली.

पुढच्या एका संध्याकाळी, मगरिबची अजान संपते न संपते तोच सायरन वाजला. मिस्टर कामावर होते. मी मुलीला उचलून त्या खोलीत नेलं, दार लावलं, टॉवेल ओला करून खाली दाबला. रेडिओ लावला. थोड्याच वेळात तिची छाती वाजायला लागली. बंद खोली, प्लास्टिकचा वास, चिकटपट्टीचा वास. पंप दिला. फरक पडेना. परत दिला.

"मम्मी, विंडो खोलो," ती म्हणाली. तिच्या शाळेच्या हिंदीत.

"नाही बाळा, आत्ता नाही. हळू श्वास घे. माझ्याकडे बघ."

तिचे ओठ काळसर दिसायला लागले. मानेच्या खाली दर श्वासाला खळगा पडत होता. बाहेर विष असेल तर ती बाहेर मरेल, बाहेर नेलं नाही तर इथेच मरेल. मला कुणी विचारायला नव्हतं. मी खिडकीचं प्लास्टिक नखांनी ओरबाडलं. ते पुरतं निघेना, मग दारच उघडलं आणि तिला घेऊन पुढच्या पायऱ्यांवर धावले.

हवा गार होती. समुद्राकडून एक धमाका ऐकू आला, मग दुसरा. मी तिला मांडीवर उभं धरलं. समोरच्या घरातून रत्नागिरीकडची भाभी दारात आली. तिचा नवरा बंदरावर माल पुरवायचा. त्यांचा दरवाजाही पट्ट्यांनी बंद होता, तो तिने फाडूनच उघडला असावा.

"अगो, वेड लागलं काय तुला? आत हो!"

"आत श्वास घेता येत नाही हिला!"

ती क्षणभर थांबली. मला वाटलं, दार लावून घेईल. कुणीही लावलं असतं. ती ओढणी तोंडाला धरून रस्ता ओलांडून आली, माझ्या बाजूला पायरीवर बसली आणि मुलीची पाठ चोळू लागली. तोंडानं दुवा पुटपुटत होती. मी त्रिसरण म्हणायला लागले. पहिल्यांदा हळू, मग मोठ्यानं. त्या देशात मी ते कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. शांतपणे म्हटलं असंही नाही, मी ओरडत होते. शब्द उलटसुलट होत होते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. भाभीनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि स्वतःची दुवा चालूच ठेवली.

विष आलं नाही. सायरनचा दुसरा सूर वाजला, सुटका झाल्याचा. मुलीचा श्वास हळूहळू खाली बसला. मिस्टर सकाळी आले, तेव्हा खिडकीचं लोंबणारं प्लास्टिक बघून काही विचारायच्या आधीच भिंतीला टेकून खाली बसले.

त्यानंतरही सायरन वाजत राहिले. दर वेळी मी तिला बाहेर न्यायची, आणि दर वेळी वाटायचं की आज माझा निर्णय चुकणार. जेवण जात नव्हतं. ध्यान करून बघितलं एकदा. श्वासाकडे लक्ष द्यायला गेले की मुलीची छाती ऐकू यायची.

युद्ध संपल्यावर एक्झिट व्हिसा मिळाला. मी निघायच्या आठवड्यात अमेरिकन बाई परतली. घरातला पसारा मी जमेल तसा आवरला होता. ती माझ्यासाठी नवी जांभळी उशी घेऊन आली होती.

"तुला निदान आधार होता," ती म्हणाली. "धम्माचा."

"मी पायरीवर बसून ओरडले," मी म्हटलं.

तिला वाटलं मी विनोद करते आहे. ती हसली. मी उशी घेतली, आभार मानले आणि दुपारी ती भाभीकडे ठेवून आले. भाभीला हल्ली बसताना कमरेत कळ यायची.