फक्त या वेळी

समोरच्याने खिशातून फोन काढला की ते खांद्यावरचा शेला त्या फोनवर टाकायचे. पिल्लांवर टोपलं पालथं घालावं तसा, अगदी सहज. आणि मग विचारायचे, "कोणाले विचारून?"

पहिल्या भेटीत माझाही फोन असाच झाकला गेला. मी वेळ बघत होतो, असं सांगितलं. ते म्हणाले, "तुमी वेळ पाहा जी. तो काय पाहून राह्यला, ते सांगा."

ते गडचिरोलीकडच्या जंगलातल्या एका गावाचे भूमिया होते. भूमिया म्हणजे गावाचे देव, गावाची हद्द, कोणत्या झाडाला कधी हात लावायचा, हे सगळं पाहणारा माणूस. गावाचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

माझं काम हिशोबाचं. मी राहतो मूल या गावी आणि कामाला गडचिरोलीत जातो. जंगलातल्या गावाला सामूहिक वनहक्काचा दावा करायचा असला की गावकरी फोन हातात धरून आपली हद्द चालतात. फोन चालत्या वाटेवर ठिपके टिपत जातो. ते ठिपके जोडून रेघ काढायची, रेघेच्या आतलं क्षेत्र हेक्टरमध्ये काढायचं, आणि ते गावाच्या म्हणण्याशी जुळतं का हे तपासायचं. जे कोणी चाललं नाही ते मी नकाशावर काढत नाही. एवढा एक नियम मी पाळत आलो आहे.

भूमियांकडे स्वतःचा फोन होता, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. भाचीनं घेऊन दिला होता. ही भाची त्याच गावात दिलेली, ग्रामसभेच्या समितीची सचिव, फोनचं सगळं काम तिच्याकडे. तिनं एकदा मामांच्या फोनवर विजेरीचं ॲप टाकलं. ते उघडल्याबरोबर फोननं विचारलं, संपर्क पाहू द्यायचे का?

भूमिया अक्षर अक्षर लावून वाचायचे. वाचून झालं आणि भाचीकडे बघत म्हणाले, "उजेड पाडाले याले माझ्या साल्याचा नंबर काऊन पाह्यजे?"

"सगळेच मागतात, मामा. हो म्हणून दाबाचं."

"सगळेच मागतात म्हणून पोरगी देते का कोणी?"

ॲप गेलं. त्या रात्रीपासून ते पुन्हा जुनी सेलची विजेरी वापरू लागले, आणि वर आम्हाला ऐकवायचे, "हे बापडी कोणाचं नाव विचारत नाई."

परवानगीच्या त्या चौकटीतला एक पर्याय मात्र त्यांना फार आवडला होता. 'फक्त या वेळी.' मला म्हणाले, "हे बरं हाय. पाव्हण्यासारखं. आला, जेवला, गेला." आणि पुढे म्हणाले, "पण खरंच गेला का नाई, हे कोण पाहते जी?"

घरी येऊन मी रात्री जेवणानंतर फोनमधलं एकेक ॲप उघडून बघू लागलो, कोणाला काय दिलंय. हवामानाच्या ॲपला माइक. चित्रं जुळवायच्या खेळाला माझं ठिकाण, तेही सदासर्वदा. बायको म्हणाली, "तुमच्या मागं कोण लागलं आहे एवढं? मूल ते गडचिरोली, गडचिरोली ते मूल. बसच्या कंडक्टरले विचारलं तरी सांगन."

ती म्हणाली ते खरंच होतं. माझ्याकडे लपवण्याजोगं काही नाही. भूमियांनी एकदा मला विचारलं होतं, "तुमचा देव कुठी बसते?" मी म्हणालो, आमच्या घरी देव नाही, बुद्धाची तसबीर आहे, ती पुढच्या खोलीत सगळ्यांना दिसते. ते हसले. "मंग तुमचं सोपं हाय, भाऊ."

त्यांचं सोपं नव्हतं. गावाच्या हद्दीच्या एका टोकाला, नाल्याच्या वळणात, त्यांचं पेनठाणं होतं. पेन म्हणजे त्यांचे देव, त्यांचे पूर्वज. तिथं देऊळ नाही, पाटी नाही. मोठ्या झाडांखाली उभे दगड आहेत, एवढंच मला माहीत. मी ते पाहिलेलं नाही आणि मला कोणी बोलावलंही नाही. दुसऱ्या एका गावात कुणीतरी असंच ठाणं फोनवर टिपून ठिकाणासकट लोकांत सोडलं होतं. पुढे तिथं सुट्टीच्या दिवशी मोटारसायकली येऊ लागल्या. बाटल्या, वेफरची पाकिटं, दगडांना टेकून काढलेले फोटो. भूमिया तिथं जाऊन पाहून आले होते. काय पाहिलं ते कधी सांगितलं नाही, पण शेला टाकायची सवय तिथून आल्यावरची, असं भाची म्हणायची.

या गावानं हद्द मोजली तेव्हा मी सोबत नव्हतो. फोन भाचीच्या हातात, पुढे भूमिया. पेनठाण्याआधी जिथं चपला काढायच्या तो दगड आला, तेव्हा भूमिया थांबले. "चपला काढा. हा पण बंद कर." तिनं फोन बंद केला. सगळे नाल्याकाठानं अनवाणी पलीकडे गेले, आणि तिकडे फोन पुन्हा चालू झाला. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. तिथली रीतच ती.

ती फाइल माझ्याकडे आली. क्षेत्र कमी भरत होतं. मी दोनदा काढलं, तिसऱ्यांदा काढलं. मग रेघ मोठी करून पाहिली तेव्हा कळलं. सगळीकडे नाल्यासारखी वळत आलेली रेघ एका जागी काठीसारखी सरळ होती. फोन जिथं बंद झाला तो ठिपका आणि जिथं चालू झाला तो ठिपका, यंत्रानं थेट जोडून टाकले होते. नाल्याचं वळण रेघेबाहेर राहिलं होतं. आणि त्या वळणात पेनठाणं.

मी गावात गेलो. जमिनीवर काडीनं नाला काढला, मग सरळ रेघ काढली. भूमिया उकिडवे बसून बघत राहिले.

"म्हणजे सारं जंगल आपलं, आन् पेन बाहेरचे?"

"दावा असाच गेला तर, हो."

भाची म्हणाली, "भाऊ, तुमीच नाल्यावरून वाकडी रेघ ओढा ना. कोणाले समजते?"

"उपग्रहाच्या चित्रात झाडोऱ्याखालचा नाला दिसत नाही. आणि उद्या हरकत आली, की इथं कोण चाललं होतं, तर काय सांगायचं?"

"चालू कराचा म्हटलं तर हा सांगन पेन कुठी हाय," भूमिया म्हणाले. "बंद ठेवाचा म्हटलं तर पेन दुसऱ्याच्या हद्दीत. आपलं हाय म्हणाचं तं पह्यले दाखवाच लागते का जी?"

मी हिशोबाचा माणूस. मी एवढंच म्हणालो की फोन इंटरनेटशिवाय चालेल, ठिपके फोनमध्येच राहतील.

"तुमी पाह्यलं का, राह्यते म्हणून?"

"ॲपवर तसं लिहिलंय."

"लिवलं हाय," ते म्हणाले. टिंगल नव्हती त्यात. म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाचीकडून फोन मागून घेतला. चौकटीवर 'फक्त या वेळी' स्वतः दाबलं, आणि एकटेच गेले. मी आणि भाची चपलांच्या दगडापाशी थांबलो. झाडांमधून त्यांचा आवाज येत होता, गोंडीत, कुणाशी तरी सावकाश बोलल्यासारखा. भाचीला विचारलं, काय म्हणतात? ती म्हणाली, "विचारून राह्यले." काय विचारतात हे मी विचारलं नाही.

परत आले तेव्हा फोन शेल्यात गुंडाळलेला होता. तिच्या हातात देत म्हणाले, "घे. सांगून टाकलं याले." त्यानंतर ते पेनठाण्यात गेले नाहीत. पूजेचं काम त्यांनी भावाच्या मुलाकडे सोपवलं. भाचीनं समजावून पाहिलं, चार जणांनी रागावून पाहिलं. ते म्हणायचे, "ज्यानं ठिकाण सांगितलं त्यानं कसं उभं राहाचं तिथी?"

या फेरीची नवी फाइल माझ्याकडे आली होती. रेघ आता नाल्याबरोबर सुरेख वळत होती, क्षेत्र जुळत होतं. फक्त वळणाच्या मधोमध ठिपक्यांची एक गाठ पडली होती, केसांच्या गुंतवळासारखी. माणूस एका जागी उभा राहिला की फोन तिथल्या तिथं ठिपके टिपत राहतो, त्याची अशी गाठ होते. एरवी अशी गाठ मी न बघता पुसतो. ही ठेवली. रोज उद्यावर टाकत गेलो.

थंडीत भूमिया गेले. ताप आला, उतरला, पुन्हा आला. मी पोचलो तेव्हा माती देऊन झाली होती.

मग दावा द्यायची वेळ आली. भाची गडचिरोलीला माझ्या टेबलापाशी येऊन बसली. मी नकाशा उघडला. तिनं आपणहून फोन पर्समध्ये ठेवून चेन लावली.

"मामा तिथी उभे होते, ते दिसते का जी यात?"

मी गाठ दाखवली. तिनं पडद्याला बोट लावलं नाही, नुसतं जवळून पाहिलं. उभ्या राहिलेल्या माणसाचा आकार त्यात कुठे दिसतो का, हे मीही कितीदा पाहिलं होतं.

"कोणालेही दिसन?"

"नकाशा वाचता येतो त्याला दिसेल. इथं कुणी थांबलं होतं, एवढं नक्की कळेल."

"मंग पुसा."

मी ठिपके निवडले. यंत्रानं विचारलं, नक्की काढून टाकायचे? निदान पुसताना तरी विचारतं, असं भूमिया म्हणाले असते. मी होय दाबलं.

त्या ॲपनं त्या दिवशी फोनबाहेर काही पाठवलं का, दुसऱ्या कुठल्या यंत्रात ती गाठ अजून पडून आहे का, हे मला ठाऊक नाही. मी बऱ्याच ठिकाणी विचारून पाहिलं. माझ्या नकाशात मात्र रेघ आता नाल्याबरोबर येते, वळते आणि पुढे जाते. मधे कुठेही थांबत नाही.