भिंतीवरचा सीताफळाचा पाला

ताडकळसच्या बाजारातून आणलेली एकच कोंबडी माझ्याकडे होती. त्या गावात मी शाळेवरची बाई, एका खोलीत एकटी राहणारी. नामांतराची ती वर्षं. विद्यापीठाच्या नावावरून माणसं पेटली होती, आणि मी बौद्ध आहे हे गावाला माहीत होतं. मला कुणी वावगं बोललं नाही. माझ्याशी बोलणंच बंद झालं. शेजारच्या मावशीच्या आणि माझ्या अंगणात कमरेएवढी भिंत. आधी ती भांडी घासता घासता भिंतीवरून गप्पा मारायची. घरच्यांनी दटावलं असावं, आता मला पाहिलं की मान खाली घालायची. शाळा सुटली की दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नसे. मग मी कोंबडीशी बोलायचे. हसायचं त्यानं हसावं.

एका रविवारी कुत्र्यानं तिला धरलं. मी काठी घेऊन धावले तेव्हा त्यानं सोडली, पण पाठीवरची चामडी फाटून लोंबत होती. कोंबडी धरायला एक माणूस लागतं आणि टाके घालायला दुसरं. दुसरं माणूस मी कुठून आणणार? जुन्या लुगड्यात गुंडाळून तिला गुडघ्यांत दाबली आणि उकळलेल्या सुईदोऱ्यानं चार टाके घातले. ती गप्पच होती. तिच्या गप्प राहण्याचा मला फार राग आला.

वरून शाळेच्या पेटीतलं लाल औषध फासलं. शिकलेली बाई ना मी. दुसऱ्या दिवशी अंगणात सोडली, तर मावशीच्या कोंबड्या भिंतीवरून उतरल्या आणि नेमक्या त्या लाल जागेवर टोचू लागल्या. मी त्यांना हाकलत असताना पलीकडून आवाज आला.

"लाल कामून लावलं वो बाई? लाल दिसलं की टोचून मारतेत. धुऊन काढा आदी, आन डालगं पालथं घालून झाका. सीताफळाचा पाला वाटून भरा, अळ्या पडायच्या न्हाईत."

अडीच महिन्यांनी ती माझ्याशी बोलली होती. त्या आनंदात औषध काय सांगितलं ते माझ्या डोक्यातच शिरलं नाही. पुन्हा विचारावं लागलं.

पाला तिच्याच परसातला. रोज सकाळी ती मूठभर पाला भिंतीवर ठेवायची. हातात देत नव्हती. "भरायलंय का?" विचारायची. "दाणे खायलीय का?" जखमी जनावरापुरतं बोलायला तिच्या घरच्यांची हरकत नसावी. हळूहळू चार वाक्यं वाढली. तिची गाभण म्हैस, माझ्या आईचा दमा. त्या पाच मिनिटांसाठी मी लवकर उठून वेणीफणी करून उभी राहायचे.

जखम भरत आली तसं मला वाईट वाटायला लागलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. खपली धरली, मी टाके काढले, नवी पिसं फुटली, तरी मी म्हणायचे, "अजून ओलंच हाय, मावशी." तिनं ठेवलेला पाला नेऊन चुलीत घालायचे. धडधाकट कोंबडी डालग्याखाली बसून बाहेर बघत राहायची. तिची दया यायची, पण मी तिला सोडत नव्हते.

एके सकाळी डालग्यावर दगड ठेवायचं राहिलं. केर टाकून आले, तर कोंबडी भिंतीवर उभी आणि पलीकडं पाला घेऊन मावशी. तिनं कोंबडीला धरलं आणि पिसं बाजूला सारून पाठ चाचपली.

"कवाच भरलंय की हे," ती म्हणाली.

आता ही आत जाणार आणि पुन्हा मान खाली घालणार, एवढंच मला दिसत होतं. तिनं एकदा मागं वळून आपल्या दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"उंद्याबी पाला आणते," ती हळू आवाजात म्हणाली. "घरात कुणी इचारलं तर ओलंच हाय म्हणून सांगते."

तिनं कोंबडी भिंतीवरून माझ्या हातात दिली. मी ती पुन्हा डालग्याखाली झाकली आणि वर दगड ठेवला.