उल्का ब्रह्मदेशात गेली तेव्हा

कृष्णाबाई ठोसरांची आणि माझी ओळख भांडणातूनच झाली, आणि हे त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथात लिहायला त्यांची हरकत नाही. युद्धाचे दिवस होते. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते. व्हरांड्यातल्या भिंतीवर एक चित्रकथा लावलेली दिसली. जपानी फौजा बंगाल ओलांडून वऱ्हाडात उतरल्या आहेत आणि काष्टा घातलेली उल्का नावाची एक बाई बडनेरा स्टेशनावर शत्रूचा रणगाडा डोक्यावर उचलते आहे! भोवती मुलींची ही गर्दी.

"असं काही घडलेलं नाही," मी चित्रकलेच्या बाईंना, म्हणजे कृष्णाबाईंना, ठणकावलं.

"म्हणूनच विचारते," बाई शांतपणे म्हणाल्या. "घडलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न मी वर्गात विचारला आणि एरवी पेंगणाऱ्या मुली तासभर बोलत राहिल्या. तेव्हापासून मी बाईंची शिष्या.

कागदाची टंचाई होती. बाई जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठीवर चित्रं काढीत. उल्का आकाशात उडताना पदराचं काय होईल, हे बघायला त्यांनी मला शाळेच्या गच्चीवर भर वाऱ्यात उभं केलं होतं!

आमच्या शाळेत वलगावची सिंधू होती. तिचा भाऊ ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता आणि कित्येक महिने त्याची खबर नव्हती. एक दिवस ती बाईंना म्हणाली, "बाई, उल्काले ब्रह्मदेशात धाडा ना. माह्या भावाले घिऊन येईन थे."

बाई तिच्याशी तिच्याच बोलीत बोलल्या. "धाडीन मी तिले. पण तुहा भाऊ सापडला, असं काढणार नाई."

"काहून? अख्खी फौज हरवते थे, अन् माहा भाऊ सापडत नाई?"

"फौज माह्या मनातली हाय, पोरी. तुहा भाऊ खराखुरा हाय."

मला हा हट्ट निर्दय वाटला. पण रविवारी बाई वलगावला गेल्या. सिंधूच्या आईजवळ बसून त्यांनी विचारलं, तो हसतो कसा, भुवया कशा, बोलताना मान कुठं कलते? पुढच्या चित्रात उल्का दमून जंगलातल्या चिखलात बसली होती, आणि जो कुणी भेटेल त्याला एका तरुणाचं चित्र दाखवून विचारत होती, "याला पाहिलंत?"

काही दिवसांनी तो गेल्याची तार आली. बाई मलाही सोबत घेऊन वलगावला गेल्या. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. भिंतीवर बाईंनी काढून दिलेला तो चेहरा होता, हार घातलेला.

आई म्हणाली, "समद्यांनी मले येईन, येईन म्हटलं. तुमीच एकल्या खोटं बोलल्या नाई, बाई."

सिंधू पुन्हा शाळेत आली. आज ती अकोल्यात धाकट्या मुलींना शिकवते.

निवृत्तीनंतर बाईही अकोल्यातच राहतात. परवा भेटले तर म्हणाल्या, "लढाईच नसली, तर उल्का दिवसभर करील काय? सुचतंय का काही?" आम्हा कुणालाच अजून सुचलेलं नाही. ते शोधायला बाईंना उदंड आयुष्य, निरोगी शरीर आणि न थरथरणारा हात लाभो. आणि हवे तेवढे कोरे कागद आम्ही पुरवू.