सरांचा पिवळा डोंगर

दर रविवारी कासार आंबोलीच्या माळावर निसर्गचित्रं काढायला जमणारे आम्ही हिंजवडीचे सहा आयटीवाले आणि एक रिटायर्ड ड्रॉइंगचे सर. आमच्याकडे चित्रं पुरी होत नाहीत, किस्से मात्र साठतात. आणि दर वेळी हबकतो आम्हीच!

*

पहिल्याच दिवशी आमच्या लातूरच्या संदीपने झाडाचं एकेक पान काढायला घेतलं. सरांनी मागून येऊन त्याचा बारीक ब्रश हिसकावला आणि सरळ झुडपात भिरकावला! वर म्हणाले, "झाड काढू नकोस. डोळे बारीक कर, दिसेल त्या रंगाचा ठिपका ठेव आणि पुढे चल."

ब्रश आदल्या दिवशीच आणलेला. संदीपचं तोंड बघण्यासारखं झालं.

*

मग सरांनी सगळ्यांच्या काळ्या ट्यूबा जप्त केल्या. "सावली काळी नसते रे, जांभळी असते!"

बघतो तर काय, खरंच जांभळी! इतकी वर्षं मी काय बघत होतो, देव जाणे.

*

मेंढरं घेऊन येणाऱ्या हिराक्का मागे उभ्या राहून आमची चित्रं बघायच्या. एकदा म्हणाल्या, "डोंगुर पिवळा कुटं हाय? निळा हाय की!"

मी ऐटीत म्हणालो, "आक्का, ही इम्प्रेशनिस्टिक स्टाइल आहे. यात मूड पकडायचा असतो."

सरांचा डोंगर पिवळा, म्हणून आम्हा सहाजणांचेही पिवळे. वर्षभर!

*

एप्रिलची दुपार, रणरणतं ऊन. सर म्हणाले, "वा! आज काय धुकं उतरलंय!"

आम्ही शहाणे लागलो की धुकं रंगवायला! हिराक्कांनी मात्र सरांसमोर पंजा धरला. "बाबा, बोटं किती हायेत?"

सरांनी डोळे बारीक केले. मग हळूच म्हणाले, "ठिपका दिसतोय."

संदीपने जवळ जाऊन पाहिलं, तर सरांच्या बाहुल्या पांढुरक्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! म्हणून ते धुकं, आणि म्हणूनच डोंगर पिवळा! आक्का आमच्यावरच उखडल्या, "लई शिकल्याली तुमी! म्हाताऱ्याला दिसंना, आन् तुमी त्याचं बघून रंगवत बसलाय!"

सर ऑपरेशनला तयार होईनात. "डोळे येतील रे, पण चित्रच गेलं तर?" शेवटी आक्कांनीच हाताला धरून त्यांना संदीपच्या गाडीत बसवलं.

*

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याची तारीख मंगळवारची. आधीच्या रविवारी सर माळावर आले, डोंगराकडे बघतच राहिले. "अरे, निळा आहे हा!" म्हणाले आणि ढसाढसा रडले. आम्हीही रडलो.

मग सरांनी स्टूल ओढलं, खिशातून रुमाल काढला आणि बऱ्या झालेल्या डोळ्यावर घट्ट बांधला!

"सर!! तो चांगला डोळा आहे!"

"माहीत आहे," सर म्हणाले. "पिवळा दे लवकर. मंगळवारपर्यंतच वेळ आहे."